गार्डची शिट्टी

"नळ ना? तो तिकडे, वर्गाच्या मागे. आठ दिवस टपटपतोय आणि तुम्ही आज उगवताय!"

दारात उभ्या असलेल्या तरुणाने खांद्यावरची पिशवी सावरली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं… पण चौथीच्या बाईंनी त्याला बोलू दिलं तर ना! त्यांच्या वर्गात चौतीस मुलं होती, त्यातली सहा आजारी. उरलेल्या अठ्ठावीस जणांनी भागाकाराच्या गणितावरून गोंधळ मांडला होता. सव्वीस वर्षांच्या त्या बाईंचा आवाज एवढा खणखणीत, की गोंधळही त्यांच्यापुढे जरा दबूनच असायचा.

तरुण निमूटपणे मागे गेला. दहा मिनिटांनी हात पुसत परत आला.

"झालं. वायसर उलटा बसवला होता कुणीतरी."

"वा! आता तुम्ही जाऊ शकता."

"जाईन की. पण आधी मुलांचे घसे बघतो."

तिने हातातला खडू खाली ठेवला. "प्लंबर घसे बघतात?"

"आरोग्य निरीक्षक बघतात." त्याने खिशातून छोटा टॉर्च काढला. "तुमच्या मुख्याध्यापिकांनी कळवलं होतं. एका वर्गात सहा मुलांना घशाची लागण झालीय म्हणून."

तिचे कान गरम झाले. "मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही जागा कुठे ठेवलीत मधे बोलायला?" तो हसला. हसताना त्याचा एक डोळा किंचित जास्त मिटायचा. "आणि नळ नीट नसला तर मुलं हात धुवायचा कंटाळा करतात. तोही माझ्याच खात्यातला विषय."

मग रांग लागली. प्रत्येकाने जबडा वासायचा, जीभ बाहेर काढायची आणि 'आ' म्हणायचं. पहिल्या बाकावरची एक बारकीशी मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. तिने 'आ' संपवता संपवताच विचारलं, "टॉर्चकाका, आत काय दिसलं?"

"काका?" तो दुखावल्यासारखा मागे सरकला. "अगं, मी तिशीसुद्धा गाठली नाही अजून!"

"चौथीच्या मुलांना पाचवीतली मुलंही काकाच वाटतात," बाई म्हणाल्या. "मनावर घेऊ नका… काका."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिला उगाचच फळा पुसायची आठवण झाली.

घसे तपासून झाल्यावर तो हजेरीपट घेऊन खिडकीपाशी बसला. मुलं रांग करून बाहेर चालली होती. मधली सुट्टी व्हायची होती. त्याचं बोट एकेक ओळ खाली सरकत होतं. बोट थांबलं. परत वर गेलं. परत खाली आलं.

"बाई, ही गंमत बघितलीत? नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. आजारी पडलेल्या मुलांचे हे हजेरी क्रमांक आहेत. आणि पडलीत तीही याच क्रमाने, रोज एक."

"मग?"

"मग… जंतूंना काही हजेरीपट वाचता येत नाही. ही मुलं एका बाकावर बसत नाहीत, एका गल्लीत राहत नाहीत. तुमच्या वर्गात असं काय आहे, जे क्रमांकाने होतं?"

"आमच्या वर्गात क्रमांकाने फक्त गार्ड…" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

चौथीचा वर्ग मैदानापलीकडे, एकटाच होता. शाळेची घंटा तिथवर ऐकूच येत नसे. म्हणून बाईंनी एक युक्ती काढली होती. रोज एका मुलाने गार्ड व्हायचं. दंडाला हिरवी फीत बांधायची, पितळी शिट्टी फुंकायची आणि वर्गाची आगगाडी करून मैदानात न्यायची. पाळी हजेरी क्रमांकाने. वशिलेबाजी नाही, रुसवेफुगवे नाहीत. ज्या दिवशी पाळी, त्या दिवशी मूल पहाटेच उठून बसायचं म्हणे. सकाळी बाई स्वतः एकदा शिट्टी वाजवून दाखवायच्या, आपल्या रुमालाने ती लख्ख पुसायच्या आणि गार्डच्या हाती द्यायच्या.

रुमालाने पुसलं की पितळ चमकतं. थुंकीतून शिट्टीच्या तोंडाला, भोकाला, आतल्या गोटीला लागलेलं काही तेवढ्याने जात नाही. एकाच्या घशातलं दुसऱ्याच्या घशात जायला त्याहून सोपा रस्ता नाही.

बाहेर मैदानात शिट्टी वाजली – लांब, आनंदी. आज सतरा क्रमांकाची पाळी होती.

बाई धावत सुटल्या. चप्पल एकीकडे, त्या एकीकडे.

*

शिट्टी कुलपात गेली. पण ती आधीच फुंकून झालेला पंधरा क्रमांक दुसऱ्या दिवशी आजारी पडला, तिसऱ्या दिवशी सोळा. आणि त्याच तिसऱ्या दिवशी बाईंचा घसाही बसला. बसला म्हणजे असा, की तोंड उघडलं तर नुसती हवाच बाहेर यायची. डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरेपर्यंत घरात बसायला सांगितलं, आणि सोमवारपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, अशी तंबी दिली.

ती आत्याकडे राहायची, पहिल्या मजल्यावर. आत्या शिवणकाम करायची आणि बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी खालून हाक आली, "बाई आहेत का?"

निरीक्षक आला होता. आजारी मुलांच्या घरी रोज फेरी मारायची, ताप आहे का, औषध वेळेवर घेतात का, पाण्याचा पेला वेगळा ठेवलाय का, हे बघायचं, असं त्याचं काम. त्या यादीत आता बाईंचंही नाव होतं.

"वर येऊ नका हं!" आत्याने मशीन थांबवून फर्मान काढलं. "एकीचा घसा बसलाय तेवढा पुरे."

"नाही येत. ताप किती?"

बाईंनी पाटी उचलली, खडूने मोठा आकडा काढला आणि खिडकीतून दाखवला.

"औषध?"

पाटीवर – *दोन वेळा. कडू.*

"अर्धवट सोडायचं नाही. बरं वाटलं तरी सगळं संपवायचं."

*हे मी मुलांना सांगते.*

"म्हणूनच तुम्हाला सांगायला मजा येतेय."

ती हसली. हसताना घसा दुखला, म्हणून हात गळ्याशी गेला. खाली त्याचाही हात नकळत आपल्या गळ्याशी गेला… आणि मग उगाच कॉलर नीट करून परत आला.

रोज संध्याकाळी असं चालू झालं. तिची खिडकी खरं तर फेरीत पहिली लागायची, पण त्याच्या यादीत ती शेवटी असायची. मग तिथे घाई नसायची. एक दिवस तो म्हणाला, "सतरा क्रमांक वाचला बरं का. घसा अगदी गुलाबी." बाईंनी पाटी खाली ठेवून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं – *मुलांना कशी आहेत म्हणून विचारलंत?*

"विचारलं. चिमणी म्हणते, बाई नाहीत तर वर्गात फार शांतता असते, झोप येते."

*आणि तुम्हाला?*

त्याने पाटी दोनदा वाचली. "मला… झोप येत नाही," तो म्हणाला.

आतून आत्याचा आवाज आला, "ती काय लिहितेय ते मला इथून दिसत नाही, पण खालून काय बोललं जातंय ते ऐकू येतंय हो!"

तो सायकलवर टांग मारून असा काही पळाला, की टोपी तिथेच पडली.

*

सोमवारी तो कागद घेऊन आला. चेहरा खुशीत होता.

"अहवाल तयार आहे. शनिवारच्या पालकसभेत वाचायचा. ऐका – 'साथीचे कारण निश्चित सांगता येत नाही. मुलांनी एकमेकांची उष्टी भांडी वापरू नयेत, हात धुवावेत…'"

आज तिच्या बोलण्यावरची बंदी उठली होती. पहिलाच शब्द फाटक्या, घोगऱ्या आवाजात बाहेर पडला.

"शिट्टी?"

"ती… गाळली." तो खाली बघू लागला. "बाई, आठ मुलं आजारी पडली. पालक तुम्हाला फाडून खातील. साथ तर आटोक्यात आली. कशाला उगाच?"

"शिट्टी का गाळली?"

"तुमच्यासाठी."

ती खिडकीत ताठ उभी राहिली. इतके दिवस ही संध्याकाळची वेळ तिने किती जपली होती! आणि आता हा माणूस चांगल्या मनाने, हसत हसत, तिच्या हाती खोटं ठेवत होता.

"दुसऱ्या शाळेत कुणीतरी असंच काहीतरी करत असेल," ती एकेक शब्द ओढून म्हणाली. "एकच बासरी सगळ्यांना. एकच पेला. माझ्यासारखाच रुमाल. त्यांना कसं कळणार?"

"पण तुमचं नाव…"

"माझ्या मुलांना मी चूक कबूल करायला शिकवते. आणि तुम्ही मला लपायला शिकवताय." तिने खिडकीच्या दाराला हात घातला. "माझ्यासाठी केलंत ना? म्हणूनच जास्त वाईट वाटतंय."

तिने खिडकी लावून घेतली. आत्याने शिवण बाजूला ठेवून तिच्यासाठी कोमट पाणी आणलं.

मंगळवारी ती शाळेत गेली. मंगळवारी संध्याकाळी खाली कुणी आलं नाही. बुधवारीही नाही. ती बरी झाली होती, यादीतून नाव गेलं होतं, मग तो येणार तरी कशाला? असं तिने स्वतःला चार वेळा समजावलं. पाचव्यांदा मात्र खिडकीत जाऊन पाहिलं.

*

शनिवारी वर्ग पालकांनी भरला. लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. निरीक्षकाचा पत्ता नव्हता. मुख्याध्यापिका घड्याळ बघत होत्या.

बाई उठल्या. टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "साथ माझ्यामुळे पसरली," त्या म्हणाल्या, आणि शिट्टीची सगळी हकिगत सांगितली. रुमालासकट.

बाक करकरले. मग बारा क्रमांकाचे वडील उभे राहिले. गडी मालट्रक चालवायचा, आवाजही तसाच.

"आमची पोर तीन दिवस तापाने फणफणली होती, बाई."

"हो. माझ्या चुकीने. मला माफ करा."

ते काही बोलणार, एवढ्यात दार उघडलं. निरीक्षक धापा टाकत आत आला. त्याने कागद उलगडला.

"उशीर झाला. सकाळपासून चार शाळा फिरून आलो. एकीत सगळ्यांना एकच बासरी सापडली. दुसरीत साखळीला बांधलेला पेला." त्याने कागद वर धरला. "हा दुरुस्त अहवाल. साथ शिट्टीतून पसरली. शिट्टी कुणाची, ते बाईंनी स्वतःच मला सांगितलं होतं, तेही यात आहे. आणि शेवटची ओळ अशी – 'आधीच्या अहवालात निरीक्षकाने हे कारण जाणूनबुजून वगळले होते. ती चूक निरीक्षकाची. बाईंनी ती दाखवून दिली.' वरच्या कार्यालयातही हाच गेलाय."

मुख्याध्यापिकांच्या भुवया कपाळावर गेल्या. मालट्रकवाले वडील एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले.

"दोघंही आपापली चूक अशी भांडून घेताय," ते म्हणाले, "की आता ओरडायचं कुणावर, तेच समजेना." आणि ते बसले.

मागून एक आई म्हणाली, "आमच्या घरी तर चौघं मिळून एकाच तांब्याला तोंड लावतो. आजपासून बंद." दुसरी लगेच काळजीने म्हणाली, "पण बाई, माझ्या लेकाचा सत्तावीस क्रमांक. तो महिनाभर गार्ड व्हायची वाट बघतोय. त्याचं काय?"

"हातात धरायची घंटी आणू," निरीक्षक म्हणाला. "आणि गार्डने आधी हात धुवायचे."

सभा हशातच मोडली.

*

वर्ग रिकामा झाला. ती बाक सरळ करत होती. तो दुसऱ्या टोकाकडून तेच करू लागला. मधल्या बाकापाशी दोघं समोरासमोर आले.

"नऊ दिवसांत नवं कुणी आजारी पडलं नाही," तो म्हणाला. "फाइल बंद. सोमवारपासून माझं इथे काही काम नाही."

"कार्यालयात काय म्हणाले?"

"बोलणी खाल्ली. पोटभर." तो कसनुसा हसला. "बाई… अहवालात एक गोष्ट लिहिली नाही. आधी खोटं का लिहिलं, ते."

"का?"

"तुम्ही मला आवडता म्हणून. ते कारण खरं आहे, आणि जे केलं ते चूकच होतं. दोन्ही सांगायचं होतं." त्याने बाकाची कड घट्ट धरली. "उत्तराची घाई नाही. पण जे असेल ते खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको."

ती विचारात पडली. खरोखरच पडली, कारण त्याने खरं उत्तर मागितलं होतं.

"तुमचं अक्षर भयंकर आहे," ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्याच्या वतीने परस्पर ठरवायची तुम्हाला वाईट खोड आहे. ती सोडावी लागेल."

"सोडेन."

"आणि मंगळवारी तुम्ही आला नाहीत, तेव्हा मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं… रिकामं वाटलं. बुधवारी जास्त."

"म्हणजे?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे! मलाही तुम्ही आवडता. आता हे फळ्यावर लिहून देऊ का?"

आणि तिनेच बाकावरचा त्याचा हात हातात घेतला. दाराबाहेर कुणीतरी जोरात श्वास घेतला, आणि पाठोपाठ चिमणीचा आवाज मैदानभर घुमत गेला – "आई गं, थांब ना! टॉर्चकाकांनी अजून बाईंचा हात सोडलेला नाही!"