कड्याची दीर्घिका आणि तीस लाल मेंढरं

ऐक, नुसतं ऐक. मधे प्रश्न विचारायचे नाहीत. सगळं सांगून झालं की मीच तुला एक प्रश्न विचारणार आहे.

अठ्ठेचाळीस सालचा मे महिना. सांगलीच्या पूर्वेला, पाऊस चुकून येतो त्या भागात, बोरमाळ नावाचं गाव. दुपारचे दोन वाजलेले आणि ऊन असं, की उघड्या पायानं अंगण ओलांडायचं म्हणजे उड्याच मारायच्या. नाथाजीकाकांच्या ओट्यावर तिघं एका खोक्याला सुतळी बांधत बसले होते. काकांची पुतणी मनू, साताऱ्याहून सुट्टीला आलेला तिचा आतेभाऊ बाळासो आणि कोंडीबा धनगराचा बिराप्पा.

"अरं, आवळ की जरा," मनू म्हणाली. "मोटारीत धक्के बसत्यात."

"आमच्या साताऱ्याच्या शाळेत अशा गाठी शिकवतात," बाळासो म्हणाला.

"मग तुज्या शाळेला सांग, आमची शेळी असल्या गाठी दातानं सोडती," बिराप्पा म्हणाला.

खोक्यात होता एक फोटो. चांगला हातभर. नाथाजीकाका लढाईत विमानातून काढलेले फोटो धुवायच्या कामावर होते. तिथंच एकदा आग लागली, उजवा हात भाजला, आणि तेव्हापासून तो थरथरायचा. घरी येऊन दोन वर्षं झाली तरी त्यांना कुणी काम देत नव्हतं. आता मात्र सांगलीच्या एका कॉलेजला फोटो धुणारा माणूस हवा होता, आणि उद्याच्या प्रदर्शनात काकांचा हा फोटो बघून ते ठरवणार होते. काकांचे लष्करातले गोरे साहेब मूळचे तारे बघणारे. त्यांनी मोठ्या दुर्बिणीतून काचेवर काढलेला एका दीर्घिकेचा फोटो काकांना भेट पाठवला होता. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव समज, कोट्यवधी ताऱ्यांचं. त्या काचेवरून काकांनी माजघराला कांबळी लावून अंधार केला, खिडकीच्या फटीतून येणारं ऊन वापरलं आणि थरथरत्या हातानं हा मोठा फोटो बनवला. पंधरा दिवस लागले.

तेवढ्यात आप्पासो गुरुजी आले. प्रदर्शनाचं सामान घेऊन चारच्या मोटारीनं तेच जाणार होते.

"बघू तरी एकदा," म्हणून त्यांनी सुतळी सोडायला लावली. फोटो हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"नाथाजी, हे काय? दीर्घिका मी पुस्तकात पाहिल्यात. भोवऱ्यासारख्या गोल, मधे उजेड. आणि ही बघ. मधलं सगळं रिकामं, भोवती वाकडं कडं, कड्याला शेपूट, आणि शेपटीच्या टोकाला हा ठिपका. धुताना हात लागला तुझा."

काकांनी फोटोकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे.

"लागला असंल, गुरुजी," ते हळूच म्हणाले.

"हे नेलं तर परीक्षक मलाच हसतील. पुढच्या वर्षी बघू." आणि गुरुजी बाकीचं सामान गोळा करायला शाळेकडे गेलेसुद्धा.

काका आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मनूनं डोळे पुसले. पंधरा दिवस तिनं त्यांना पाणी गाळून दिलं होतं, कांबळी धरली होती. हात लागला असता तर तिला दिसलं नसतं?

"रडू नको," बिराप्पा म्हणाला. "आमचं मेंढरू हरवलं तर आमी आदी पावलं बघतो. तू बी बघ."

पावलं! मनूला एकदम काकांचंच एक वाक्य आठवलं. तिनं कोनाड्यातलं भिंग आणलं आणि फोटो उन्हात धरला.

"काका म्हणायचं, ओल्या फोटोवर बोट लागलं तर खालचं सगळं फासतं. बोटाला काय कळतंय, तारा कुठला आन् डाग कुठला! बाळासो, हिथं बघ. कड्यावर बारीक तारे हायत. फासल्यात?"

बाळासोनं एक डोळा मिटला. "नाहीत. सुईनं टोचल्यासारखे आहेत."

"शेपटीवरचे?"

"तेही. मनू, अगं, हा डाग नाही! हे आभाळातच असं आहे!"

तिघं धावत शाळेत गेले. गुरुजी तक्ते गुंडाळत होते. त्यांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि भिंग परत दिलं.

"बरं, नसेल डाग. पण परीक्षक विचारणार, असा आकार झाला कसा? मी काय सांगू? बोरमाळच्या पोरांना माहीत आहे म्हणून? कारण असल्याशिवाय मी हा फोटो नेणार नाही."

तिघं बाहेर येऊन शाळेच्या पायरीवर बसले. तीन वाजून गेले होते. बिराप्पा फोटोकडे कधीचा टक लावून बघत होता. मघाशी सुतळी बांधताना फोटो खोक्यात उलटा ठेवलेला होता, आणि गुरुजी आल्यावर बिराप्पाच्या हातात तो कुणी दिलाच नव्हता. आता त्यानं डोकं खाजवलं.

"हे मी केलंय," तो म्हणाला.

"काय केलंयस? दीर्घिका?" बाळासो हसायलाच लागला.

"आरं, हसतोस काय! गेल्या साली मला डुलकी लागली. आमची कोकरं सुटली आन् बसल्या कळपातनं सरळ आरपार गेली. मी टेकडीवर हुतो. कळपाचा आकार अस्साच झाला हुता, शेपटीसकट. आबानं मला काठी दावली, म्हणून ध्यानात हाय."

कुठलाच धनगर मेंढरांतून मेंढरं नेत नाही. कळप मिसळले की निवडता निवडता दिवस जातो. त्यामुळे असला आकार बघितलेला माणूस सगळ्या तालुक्यात बिराप्पाच असेल.

मनू उठून उभी राहिली. तिच्या वडिलांच्या रानात खतासाठी बसवलेला कोंडीबाचा दोनशे मेंढरांचा कळप टेकडीखालीच होता. उन्हाची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात ना, तसा गोलच्या गोल. आणि कुंपणाच्या पलीकडे लोणंदच्या बाजारासाठी वेगळी काढलेली तीस मेंढरं, पाठीवर लाल रंगाचा पट्टा मारलेली.

"बिराप्पा," ती म्हणाली, "पुन्यांदा करशील?"

बिराप्पाचा चेहरा पडला. "आबा लिंबाखाली झोपलाय. उठला तर माजं काय खरं न्हाई. लोणंदला उद्या पहाटं निघायचंय त्येला."

बिराप्पानं मान वळवून काकांच्या बंद दाराकडे पाहिलं.

"जा," तो म्हणाला. "गुरुजींस्नी वर न्या. मी खालनं हाळी देतो."

गुरुजींना टेकडीवर न्यायचं काम बाळासोचं. "गुरुजी, फाट्यावर उन्हात कशाला ताटकळताय? टेकडीवरून मोटारीची धूळ लांबून दिसते. वर बाभळीची सावलीपण आहे." यात एक शब्द खोटा नव्हता बघ. गुरुजी वही काखेत मारून निघाले. मागून मनू, पदराखाली फोटो.

वर पोचले आणि खालून हाळी आली, "हुर्रऽऽ हाऽ!"

कुंपण उघडून बिराप्पा पुढं आणि मागं लाल पाठीची तीस मेंढरं. सरळ मोठ्या कळपाच्या मध्यात घुसली ती!

"अरे, काय करतोय तो गाढव?" गुरुजी ओरडले. "आदळतील!"

पण एकही मेंढरू आदळलं नाही. लाल पाठी पांढऱ्या-काळ्या पाठींतून वाट काढत गेल्या. पहिल्यांदा सगळा कळप आत ओढला गेला, मधे दाटला. मग लाल मेंढरं पलीकडून बाहेर पडली, आणि दाटलेली मेंढरं चहूबाजूंना बाहेर सरकायला लागली. मधलं रान रिकामं झालं. भोवती राहिलं नुसतं कडं, एका बाजूला झुकलेलं. आणि लाल मेंढरांच्या मागं लागलेली वीसपंचवीस मेंढरं लांबट ओळीत चाललेली.

मनूनं फोटो गुरुजींच्या डोळ्यांसमोर धरला. कडं. शेपूट. टोकाला ठिपका.

गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं. "लहान दीर्घिका मोठीतून आरपार... पण ताऱ्यांचा चुरा नाही का होणार?"

"आवं गुरुजी, मेंढरांचा झाला का?" मनू म्हणाली. "मधनं जागा असती की. नुसती वड लागती."

"ओढ," गुरुजी पुटपुटले. "तारे ओढतातच एकमेकांना. पण हा आपला अंदाज झाला, पोरी."

वाऱ्यानं त्यांच्या वहीची पानं फडफडली आणि खुणेला ठेवलेला एक कागद उडाला. बाळासोनं झेप घेऊन तो पकडला. काकांच्या साहेबांचं इंग्रजी पत्र होतं ते. काचेबरोबर आलेलं. तीन आठवड्यांपूर्वी काकांनी ते गुरुजींकडे वाचायला दिलं होतं, आणि "खुशाली आहे, बाकी काही नाही," असं गुरुजींनी सांगितलं होतं.

"गुरुजी," बाळासो सावकाश म्हणाला, "मागच्या बाजूलाही लिहिलंय."

गुरुजींनी कागद उलटला. वाचता वाचता कानापर्यंत लाल झाले. मग मराठीत सांगायला लागले, "नाथाजी, हिचा आकार पाहून फोटो बिघडला असं समजू नकोस. ती आहेच अशी. नक्की कुणालाच ठाऊक नाही, पण मला वाटतं, शेजारची लहान दीर्घिका हिच्यातून आरपार गेली असावी."

मग बाळासोला लांब धूळ दिसली.

"मोटार!"

गुरुजी धोतर सावरत उतरायला लागले. खाली कोंडीबा जागा झाला होता आणि काठी घेऊन बिराप्पाच्या मागं धावत होता. "कोंडीबा, थांब!" गुरुजी पळता पळताच ओरडले. "पोराला हात लावू नकोस! आज त्यानं माझी अब्रू वाचवली!" आणि काकांच्या दारावर थाप मारून म्हणाले, "नाथाजी, ऊठ. चूक तुझ्या हाताची नाही, माझ्या डोळ्यांची. पिशवी भर, तूही चल. परीक्षकांना तूच सांग."

पाच दिवसांनी काका परत आले ते कॉलेजचं पत्र घेऊनच. त्यांनी परीक्षकांना मेंढरांचीच गोष्ट सांगितली होती, आणि बोलताना हात थरथरत होता तरी तो खिशात घातला नव्हता. गुरुजींनी चावडीवर सगळ्यांसमोर तिघांची पाठ थोपटली. "मी अर्धं पत्र वाचलं. या पोरांनी पुरं आभाळ वाचलं," ते म्हणाले.

कोंडीबाला त्या दिवशी लाल मेंढरं निवडता निवडता दिवस मावळला होता, आणि लोणंदचा बाजार एका आठवड्यानं पुढं गेला होता. चावडीवरच त्यानं बिराप्पाचा कान धरला.

"पुन्यांदा केलंस तर काठी हाय," तो म्हणाला. मग त्याला हसूच आवरेना. "पर माज्या मेंढरांगत आभाळात बी हाय म्हणायचं. नाथाजी, एक फोटो आमाला बी दे की."

तो फोटो धनगराच्या पालात बरीच वर्षं होता.

आता माझा प्रश्न. वडील लिंबाखाली झोपलेत, उद्या त्यांना बाजाराला निघायचंय, मोटार यायला अर्धा तास आहे, आणि तीस मेंढरं तुझ्या एका हाळीची वाट बघतायत. बिराप्पाच्या जागी तू असतास, तर काय केलं असतंस?