बुरुलने न लावलेलं गाणं

गिटारची पेटी गुडघ्यावर आदळली, तेव्हा बुरुल गच्च भरलेल्या व्हॅनमध्ये डोळे मिटून गाणं ऐकत बसली होती.

"माफ करा... लागलं का?"

"गुडघ्याचं जाऊ द्या, गाणं तुटलं ना!"

"कुणाचं होतं?"

"नारिन गावची एक नवी गायिका आहे. तुम्हाला ठाऊक नसेल."

"सिरगा? तिचं चौथं गाणं ऐका. कोमुझ वाजवता वाजवता मध्येच हसते ती."

बुरुल बघतच राहिली. बिश्केकच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर दर गुरुवारी ती अशीच, स्वतः गाणी लिहून गाणारी नवी माणसं ऐकवायची. सिरगा आपल्यालाच पहिल्यांदा सापडली, असं तिला वाटत होतं. आणि हा गिटारवाला तिलेक, दाढीवर विरघळता बर्फ घेऊन उभा असलेला, तिच्या चार पावलं पुढे!

मग दर रविवारी चहाच्या दुकानात दोघं भेटू लागले. एक इयरफोन तिच्या कानात, एक त्याच्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. चिनारांना पालवी फुटली, तेव्हा एके दिवशी त्याने मान खाली घालून स्वतःचं गाणं लावलं.

तिने ते दोनदा ऐकलं. मग कानातला इयरफोन काढला.

"तिलेक... हे मी रेडिओवर नाही लावू शकत."

"आवाज वाईट आहे?"

"आवाज गोड आहे रे. पण समुद्रावर लिहिलंस. तू समुद्र पाहिलास कधी?"

"इसिक-कुल पाहिलंय की."

"ते सरोवर आहे!"

तो हसला, पण ओठांपुरताच. चहा तसाच ठेवून निघून गेला.

पुढचे तीन रविवार ती एकटीच बसली. 'छान आहे' म्हणायला काय गेलं असतं माझं? ती स्वतःला विचारायची. पण खोटं बोलून थांबवलेला माणूस आपला कितीसा राहिला असता... हेही तिला कळत होतं, आणि कळूनही रडू थांबत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात ती रेडिओ केंद्राच्या दारातून बाहेर पडली, तर समोर पायरीवर तिलेक. त्याने गिटारच्या तारा छेडल्या.

गाणं एका मुलीवर होतं. सगळे माना डोलवत असताना ती एकटीच मान हलवून नाही म्हणते. गाणाऱ्या मुलाला राग येतो, घरी जाऊन तो वही फाडतो, आणि कोऱ्या पानावर त्याला तिचाच चेहरा दिसतो. एका कडव्यात सूर जरा घसरला. त्याने तो तसाच जाऊ दिला.

"आता लावशील?" त्याने विचारलं.

"नाही."

"आता काय चुकलं, बाई?"

"काहीच नाही." बुरुलने डोळे पुसले आणि त्याच्याशेजारी पायरीवर टेकली. "एवढा आठवडा... मला एकटीला ऐकू दे."