कोरडा निरोप

ती वजनं तपासायची. दुकानांतली, दवाखान्यांतली, सोनारांची वजनं प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर यायची आणि खरं-खोटं ठरून परत जायची. तीन वेळा तोलल्याशिवाय तिने आजवर एकाही वजनावर शिक्का मारला नव्हता.

घरी आल्यावर ती शब्दकोश सांभाळायची, आणि तिथेही नियम तोच. डोंगराच्या पोटात बुटक्यांची वस्ती वसवायचा एक व्हिडिओ गेम होता. त्यात ड्रॅगन होते, जादूगार होते, पण खरा कस लागायचा तो वस्ती जगवण्यात. खेळणारे हजारो, आणि त्यांची आपापसातली बोली वेगळीच. काडीचं काम न करणारा बुटका म्हणजे ‘ऐतखाऊ’. एक बुटका मेला की त्याची आई हातातलं काम टाकून बसते, मग चूल विझते, मग उपाशी लोहार कुणाचं तरी डोकं फोडतो, आणि महिन्याभरात अख्खी वस्ती धुळीला मिळते. याचं नाव ‘रडारड’. असे चारशे बारा शब्द तिने नोंदवले होते, प्रत्येक स्वतः खेळून, पारखून.

चारशे तेरावा शब्द एका अनोळखी खेळाडूने पाठवला: ‘कोरडा निरोप’. रडारड न होऊ देता ऐतखाऊला संपवायची युक्ती.

“बुटक्याच्या मनात नऊच माणसांची जागा असते,” त्याने लिहिलं होतं. “जेवणाच्या मेजावर रोज नवे चेहरे बसवा. जुना आपोआप बाहेर पडतो. आधी त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो. मग त्याचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. मग त्याचं पांघरूण दुसऱ्याला मिळतं. एवढं झालं की त्याच्या दाराला कपाट लावा. कुणीही ते सरकवणार नाही.”

धाकटा भाऊ मागे उभा राहून वाचत होता. छापखाना बंद पडल्यापासून दीड वर्ष तो घरीच होता.

“ऐतखाऊ म्हणजे मीच की! ताई, मला घाल ना त्यात. दीड वर्षात पहिलं काम मिळेल.”

“मरायचं काम आहे ते.”

“बसून करता येतं ना? मग झालं. आणि आईला स्वयंपाकीण कर. निदान उपाशी तरी मरणार नाही मी.”

तिने तसंच केलं. एका बुटक्याचं नाव ठेवलं ‘धाकटा’, स्वयंपाकिणीचं ‘आई’. सोळाव्या दिवशी कपाट लावलं. पडद्याच्या कडेला ओळी उमटू लागल्या: धाकटा दार ठोठावतो. धाकटा दार ठोठावतो. पहिल्या दिवशी एकेचाळीस वेळा, दुसऱ्या दिवशी सतरा, तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी एकही नाही. कपाटापासून दहा पावलांवर आई भांडं ढवळत होती.

तिने वहीत लिहिलं: चाचणी पहिली. ठोके एकेचाळीस, सतरा, तीन. यशस्वी. अश्रू शून्य.

पुढच्याच आठवड्यात आईने पुढची खोली दोन शिकाऊ नर्सना भाड्याने दिली. जेवायला त्या घरच्यांबरोबरच बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांतली उंच मुलगी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची धाकट्याची होती. त्याने ताट उचललं आणि ओट्यापाशी उभा राहिला.

“उभ्याने जेवलं की उंची वाढते,” तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

चार दिवसांनी त्याने मीठ मागितलं. “आई, मीठ दे ना.” आई नर्सना आपल्या गुडघ्याची कहाणी सांगत होती. तो पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला. शेवटी हिनेच बरणी उचलून त्याच्याकडे दिली. आईने वळून तिच्याकडे पाहिलं.

“एवढं मीठ कधीपासून खायला लागलीस गं तू?”

आणि रविवारी दुपारी उंच नर्सच्या पलंगावर निळ्या चौकड्यांची रजई दिसली. “कपाटात पडून होती कुणाची तरी,” आई म्हणाली. “म्हटलं, वापरात तरी येईल.”

रजई धाकट्याची होती. तिने त्या अनोळखी खेळाडूला लिहिलं: हे उलटवता येतं का?

उत्तर लगेच आलं. “येतं. ज्याला तो अजून आठवतो, अशा कुणीतरी रोज सकाळी त्याला हाक मारायची. एकही दिवस चुकवायचा नाही. एकदा चुकलं की संपलं.”

दुसऱ्या दिवशी सात चाळीसला तिने घरातल्या बोळाच्या टोकाला, भावाच्या दारात उभं राहून हाक मारली. “धाकट्या!”

“हजर!” आतून आवाज आला. आणि आईने, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, पाचवं ताट मांडलं.

एकोणीस दिवस हे चाललं. तिने तक्ता केला: वेळ, हाक, ताट. एकोणीसच्या एकोणीस दिवस ताट मांडलं गेलं.

पण तक्ता पाहताना तिला काही खुपायला लागलं. हाकेमुळेच ताट मांडलं जातं, हे कशावरून? आईचं नुसतं लक्ष नसेल, नंतर आपोआप गेलं असेल. हाक न मारता काय होतं, हे कुणी पाहिलंच नव्हतं. खेळात तपासायला गेली, तर खेळात हाक मारायची सोयच नव्हती. मग त्या खेळाडूला हे कसं ठाऊक, असं तिने विचारलं. त्यावर मात्र उत्तर आलं नाही. ऐकीव गोष्टीवर शिक्का मारायचा तिचा स्वभाव नव्हता.

एकच दिवस, तिने ठरवलं. फक्त एक.

विसाव्या दिवशी सात चाळीसला ती घड्याळ घेऊन दारापाशी उभी राहिली आणि गप्प राहिली.

सात एकेचाळीसला दार उघडलं. त्याचे केस विस्कटलेले होते. तो हसत होता.

“मार ना हाक.”

ती घड्याळाकडे पाहत राहिली.

“ताई, मस्करी पुरे. आज उठल्यापासून मला माझं नावच आठवत नाहीये. मार ना.”

तिने ओठ घट्ट मिटले. आता बोललं तर एकोणीस दिवसांचा तक्ता फुकट.

त्याने तिची बाही धरली. “ताई.”

सात पंचेचाळीस. तिने बाही सोडवून घेतली आणि कामावर गेली.

संध्याकाळी आई खुशीत होती. जुन्या बाजारातून भलंमोठं लाकडी कपाट आणलं होतं. दोघी नर्सनी हात लावला म्हणून जागेवर बसलं, बोळाच्या टोकाला, भिंतीला अगदी चिकटून.

“तिथे आधी काय होतं गं?” तिने विचारलं.

“काय असणार? भिंत.”

ताटं चार होती. माणसं चार होती.

जेवताना बोळाकडून ठकठक ऐकू आली. “पाइपात हवा अडकली असेल,” आई म्हणाली. तिने सवयीने मोजून कागदावर टिपलं. एकेचाळीस.

दुसऱ्या दिवशी सतरा. तिने प्लंबरला फोन केला.

तिसऱ्या दिवशी तीन. दोन ठोक्यांमध्ये बराच वेळ गेला.

चौथ्या दिवशी प्लंबर आला. कपाटाला कान लावून उभा राहिला. “काही नाही, ताई. सुटलं आपोआप.”

‘ताई’ ऐकून तिचा हात का कोण जाणे बाहीकडे गेला. बाही चुरगळलेली नव्हती.

रविवारी तिने ठोक्यांचा कागद शब्दकोशाच्या वहीत लावायला घेतला, तर तेच तीन आकडे वहीत आधीच होते. एकच नोंद चुकून दोनदा उतरली असावी. तिने कागद फाडून टाकला. चारशे तेराव्या शब्दापुढे चाचणी एकच दिसत होती. नियमाप्रमाणे अजून दोन व्हायला हव्या होत्या.

तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. आज नर्सची एक मैत्रीण आली होती, आणि हिच्या खुर्चीवर बसली होती. ही ताट घेऊन ओट्यापाशी उभी राहिली.

“आई, मीठ दे ना,” ती म्हणाली.

आई मैत्रिणीला गुडघ्याची कहाणी सांगत होती.

“आई,” ती पुन्हा म्हणाली, “मीठ.”