गुरुवारचा माणूस

दहा मिनिटं बसलं तर चालेल का, असं मघाशी विचारलंत ना दोघींनी? चालेल की. पाच मिनिटं बसा. दारातूनच तोंड दाखवून या. मी कोण बोलणारी? फक्त आधी हे ऐकून घ्या. लाईट गेलीच आहे. ते मोबाईल बाजूला ठेवा आणि दार लोटून घ्या, वारं येतंय.

उद्यापासून तुम्ही आजारी माणसांजवळ बसायला जाणार. पाळकसाहेबांनी नावं वाचली तेव्हा सगळ्या मंडळीसमोर कशा ताठ उभ्या होतात. तुमचा शिंपी मामाही असाच उभा राहिला होता. ही गोष्ट त्याचीच आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची. तो खोटं बोलायला लागला की त्याचं नाक फुगतं, मला लहानपणापासून ठाऊक आहे. हे सांगताना फुगलं नव्हतं.

घंटेवाले बाबा तुम्हाला आठवत असतील. जन्मभर चर्चची घंटा वाजवली. बायको नाही, पोर नाही, भाऊबंद असतील तर त्यांनी कधी तोंड दाखवलं नाही. म्हातारपणी अर्धं अंग गेलं. चर्चच्या मागच्या गल्लीत एक खोली होती त्यांना. एक दार. गल्लीच्या अंगाला गजांची एक खिडकी. पलीकडच्या भिंतीला खाट, खाटेजवळ खुर्ची. संपलं घर.

सुरुवातीला सगळ्यांना माया फुटली. रविवारी उपासना सुटली की खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. सोमवार ते शनिवार बाबा आणि भिंतीवरची पाल. मग पाळकसाहेबांनी वार वाटून दिले, एका घराला एक वार. आणि खिडकीतल्या दिव्याची पद्धत घालून दिली. ज्याचा वार असेल त्याने आत जायचं आणि खिडकीतला दिवा लावायचा. दिवा दिसतोय म्हणजे बाबांजवळ माणूस आहे, बाकीच्यांनी जाऊन गर्दी करायची नाही. निघताना दिवा बंद करायचा. तो विझला की समोरच्या मावशी उठायच्या, बाबांना पाणी पाजायच्या, पांघरूण घालायच्या आणि बाहेरून कडी लावून घरी जायच्या. पद्धत चांगली होती. सगळी गल्ली त्या दिव्यावर विसंबून होती.

तुमच्या मामाचा वार गुरुवार.

सुरुवातीचे गुरुवार तो बसला. मग कुरकुर सुरू झाली. खोलीत वास येतो. बाबा काय बोलतात ते कळत नाही. नुसते टक लावून बघत राहतात. मी म्हटलं, बघणारच की, त्यांना दुसरं काय आहे बघायला? त्यावर म्हणे तुला काय कळतंय, लग्नसराई आहे, गिऱ्हाईकं दारात उभी आहेत. असेल. पण लग्नसराई दरवर्षी असते आणि मरणारं माणूस एकदाच मरतं.

पुढे त्याने काय केलं ते ऐका. दिव्याचं बटण खिडकीच्या आतल्या बाजूला, चौकटीला लागूनच होतं. गजातून हात कोपरापर्यंत घातला आणि वळवला की बोट पोचायचं. मामाने गुरुवारी संध्याकाळी हात घातला, दिवा लावला, बाहेरूनच म्हणाला, आलो हं बाबा. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मशीनवर बसला. दुकान बंद करून घरी जाताना परत हात घातला, दिवा विझवला.

एक गुरुवार. मग दुसरा. मग सवयच झाली.

बाबांनी काय पाहिलं असेल, विचार करा. दार उघडत नाही. माणूस दिसत नाही. खिडकीतून एक हात येतो, दिवा लावतो, निघून जातो. आणि दिवा लागलाय म्हणून दुसरंही कोणी येत नाही.

बरं, चोरी पकडली जावी ना? नाही. उलट समोरच्या मावशी एकदा कपडे शिवायला टाकायला आल्या तर याचं कौतुक करत सुटल्या. म्हणाल्या, गुरुवारी बाबांचा चेहरा बघावा. बाकी वारांना माणसं बसतात आणि घड्याळ बघतात, तुम्ही मात्र त्यांचे पाय धुऊन देता. मामाने मान खाली घालून टेप गुंडाळली. त्याला वाटलं म्हातारा बरळत असेल. पण मावशी जाता जाता म्हणाल्या, पाय धुता ते ठीक आहे, पण पाणी तसंच जमिनीवर ठेवता, परवा मी घसरले असते.

मामा हसला. हसला, आणि विसरून गेला. असा माझा भाऊ.

मागच्या वर्षी, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. थंडी पडली होती. मामाकडे एका नवऱ्यामुलाचा काळा सूट अडकला होता, शुक्रवारी सकाळी द्यायचा. संध्याकाळी त्याने नेहमीसारखा हात घालून दिवा लावला आणि दुकानात गेला. अंगात त्याचं जुनं काळं जाकीट. सुटावरच्या खडूच्या रेघा तो त्याच बाहीने पुसत होता, बाही मनगटापासून वर पांढरीफेक झाली होती. सूट पुरा झाला तेव्हा अकरा वाजून गेले होते. शटर ओढलं आणि दिवा विझवायला गल्लीत आला.

गल्लीत कोणी नव्हतं. मावशींच्या खिडकीत उजेड होता.

त्याने गजातून हात घातला. कोपरापर्यंत. हात वळवला. बोट बटणाच्या जवळ गेलं...

आणि कोणीतरी मनगट धरलं.

आधी त्याला वाटलं, बाहीला खिळा अडकला. ओढलं. सुटेना. मग कळलं की बोटं आहेत. पाच बोटं. ऊबदार. दुखत नव्हतं. पण पकड अशी की जणू त्या गजांसारखीच भिंतीत बसवलेली.

तो म्हणाला, बाबा, सोडा. थट्टा पुरे.

आणि त्याने आत पाहिलं.

बाबा खाटेवर होते. पलीकडच्या भिंतीला. जिथे असायचे तिथेच.

...

खिडकीखालचा भाग बाहेरून दिसत नाही. मामाने गजांना गाल लावून खाली बघायचा प्रयत्न केला. दिव्याचा उजेड डोळ्यांत. खाली नुसता काळोख. खाटेजवळची खुर्ची रिकामी.

त्याने ओरडायला तोंड उघडलं. आवाज नाही. श्वास बाहेर येतोय, शब्द येत नाही. दुसऱ्या हाताने गज हलवले. पाय भिंतीला लावून ओढलं. खांदा निखळायची वेळ आली, मनगट तसूभर हललं नाही.

मग त्याने बाबांकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. बाबांची छाती वर यायची... थांबायची... मग खाली जायची. घशात घरघर. चांगला होता तो हात चादरीवर चाचपडत होता. काहीतरी शोधत होता. खुर्चीच्या दिशेने.

माणूस जात होता. समोर. आणि दिवा जळत होता.

दिवा विझला असता तर मावशी आल्या असत्या. एवढंच हवं होतं. बटण बोटापासून नखभर लांब होतं. मामाने बोट ताणलं. आणखी ताणलं. नखभर अंतर राहिलंच. त्या हाताने त्याला बरोबर तिथेच धरलं होतं.

गल्लीतून गुरखा गेला. मामाला वाटलं, सुटलो. गुरख्याने पाहिलं, दिवा चालू आहे, शिंपी खिडकीला चिकटून उभा, हात आत. हळूच म्हणाला, "हात धरून उभे आहात होय त्यांचा? उभे राहा, उभे राहा. असं कोण करतं आजकाल?" आणि काठी न आपटता, चवड्यांवर पुढे गेला. प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून.

मग मावशींची खिडकी उघडली. त्यांनी डोकावून पाहिलं. मामा त्यांच्याकडे बघतोय. डोळ्यांतून पाणी. तोंड उघडतंय, मिटतंय. मावशींना दिवा दिसला. त्यांनी छातीवर हात ठेवला, मान डोलावली.

खिडकी लावली.

उजेड गेला.

आता गल्लीत एकच दिवा.

तो किती वेळ तसा उभा होता, त्याला सांगता येत नाही. पाय बधिर झाले. गजाचा वळ गालावर उठला. कधी त्या हाताला शिव्या दिल्या, मनातल्या मनात. कधी हात जोडले, म्हणजे एकच होता जोडायला. दरवेळी मागणं एकच. मला सोडव. मला. मला जाऊ दे.

पकड तशीच.

मग ओढायचं त्राण संपलं. तो नुसता उभा राहिला. आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून बाबांकडे बघत राहिला. इतके गुरुवार गेले, पण धड बघितलं ते त्या रात्री. ओठ सुकून फुटलेले. घंटेचा दोर ओढून ओढून खरबरीत झालेला तो हात... चादरीवर... रिकामा.

दोर ओढून माणसांना बोलावणारा हात. आणि आज त्याने बोलावलेलं कोणाला ऐकू जात नव्हतं.

मामाच्या घशातून तेव्हा आवाज आला. स्वतःसाठी नाही आला. तो म्हणाला, "मी बसतो. आत येऊन बसतो. त्यांना एकटं नका जाऊ देऊ."

पकड सुटली.

हात बाहेर आला. रस्ता मोकळा. घर चार गल्ल्यांवर. बायको वाट बघत असेल. माझा भाऊ भित्रा आहे, झुरळ दिसलं तर स्टुलावर चढतो. मी त्याला विचारलं, पळाला का नाहीस रे? तो म्हणाला, ताई, पळालो असतो तर ते आयुष्यभर त्या गजांत अडकल्यासारखंच झालं असतं.

तो फिरून दाराशी गेला. कडी बाहेरून लावलेली होती. दुपारी बाबांना जेवू घालून मावशींनी लावलेली, तशीच. त्याने ती काढली.

आत गेला.

खिडकीखाली कोणी नव्हतं. जमीन ओली होती.

खुर्चीत बसला. खुर्ची... गरम होती.

त्याने बाबांचा हात हातात घेतला. बाबांनी डोळे उघडले. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, ओळख नसल्यासारखं. मग ओठ हलले. मामाने कान तोंडाजवळ नेला.

"तू कोण?"

"शिंपी, बाबा. गुरुवारचा."

बाबांनी मान हलवली. नाही म्हणून.

"गुरुवारी तो येतो." थांबले. श्वास घेतला. "आत्ता उठला. म्हणाला, ज्याचा वार आहे... तो येतोय."

...

पहाटे बाबा गेले. मामाच्या हातात हात होता. चेहरा शांत होता, असं मावशी सांगतात. मामाने उठून दिवा विझवला तेव्हा त्या लगेच आल्या. त्यांनी पांघरूण सारखं केलं, बाबांच्या पायांना हात लावला आणि म्हणाल्या, आजही धुतलेत तुम्ही.

मामाने तो सूट शेजाऱ्याच्या हाती पाठवून दिला आणि त्या दिवशी दुकान उघडलं नाही. आता तीन आजारी माणसांच्या घरी जातो तो. गुरुवार त्याने सोडलेला नाही. सगळ्यात आधी दार उघडतो, आत जातो, आणि मग दिवा लावतो.

ते जाकीट पुन्हा अंगात घातलं नाही. उजवी बाही उसवून माझ्याकडे आणून दिली. म्हणाला, घरात ठेवायचा धीर होत नाही आणि टाकवतही नाही. तुम्हाला कशाला फसवू? ही बघा, ट्रंकेत कागदात गुंडाळून ठेवली आहे. मेणबत्ती इकडे धरा. जवळ. हात लावू नका.

हा सगळा पांढरा दिसतोय तो खडू. वर्ष होत आलं, उडून जायला हवा होता. गेला नाही. जिथे त्या हाताने धरलं तिथे मात्र निघून गेलाय, खालचं काळं कापड दिसतंय. ही चार बोटं. हा अंगठा. आणि हा तळवा.

मी घरातल्या सगळ्यांना खडूच्या बाहीवर असंच आवळून धरायला लावलं होतं. तुमच्या बाबांना, आजोबांना, त्या गुरख्यालासुद्धा. कोणाचाच तळवा असा उमटत नाही.

नीट बघा. तळव्याच्या बरोबर मधोमध. तो खिळ्याएवढा गोल दिसतोय?

तिथला खडू जसाच्या तसा आहे.

तिथे काही टेकलंच नाही.