सापडलेला फॉल्ट

"वायरमन आहेत का?"

मी टेबलाखाली होते. बाहेर आले, दातांत धरलेला स्क्रू काढला आणि बघितलं. दारात एक उंच माणूस उभा होता. बाहेर रिमझिम, त्याच्या खांद्यावर निळ्या केबलचं वेटोळं, आणि केसांत लाकडाचा भुसा.

"समोर उभी आहे," मी म्हणाले.

तो गडबडला. मग हसला. "मग... वायरमनबाई म्हणू?"

"आधी काम काय आहे ते म्हणा."

"गाडीतली लाइट जाते. केबल जोडली की थोडा वेळ राहते, मग जाते. पुन्हा जोडली की—पुन्हा जाते."

"रुसते म्हणा ना."

"समजूत काढायला येता?"

आमच्या मैदानावर गाडीतच घर थाटून फिरणारे लोक मुक्कामाला उतरतात. मैदानाचा कारभार माझ्या दादाकडे, आणि वायरिंग सगळं माझ्याकडे. ओळीने खांब आहेत. खांबाला केबल जोडली की गाडीत लाइट येते, आणि गाडीत कुठे करंट गळायला लागला की खांबातलं बटण खट्‌कन खाली पडतं. मग मंडळी माझ्या दाराशी येतात. तासाभरात मी फॉल्ट शोधते आणि ती आपल्या वाटेला लागतात. आजवर एकही फॉल्ट माझ्या हातून सुटलेला नाही, याचा मला भारी तोरा होता.

त्याची गाडी पिवळी होती. शेजारी छत्री धरून, खुर्ची टाकून एक बाई बसल्या होत्या.

"ही माझी मावशी."

मावशींनी चष्म्यावरून मला नखशिखान्त न्याहाळलं. "लग्न झालंय?"

"मावशी!"

"अरे, विचारलं नुसतं. विचारायला काय पैसे पडतात?"

मी मान खाली घालून केबलचा प्लग उघडला. आत ओल नव्हती. अर्थिंग ठीक, तारा उलट्यासुलट्या नव्हत्या. मग आत जाऊन सगळं बंद केलं आणि एकेक चालू करत गेले. आधी फ्रीज, मग बॅटरीचा चार्जर, मग पाणी तापवायची टाकी. बटण काही पडेना. आतलं सुतारकाम मात्र बघत राहावं असं होतं. कप्प्यांच्या कडा हाताला लोण्यासारख्या लागत होत्या.

"कुणी केलंय?"

"मीच. सुतार आहे मी." तो टॉर्च धरून माझ्या मागे उभा होता.

"टॉर्च वायरवर धरा."

"वायरवरच आहे."

"माझ्या हातावर आहे."

"हो का?" तो म्हणाला, पण टॉर्च हलवला नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही.

त्याला बंदरावर बोट गाठायची होती. बोटीवर सुतारकामाची नोकरी, दोन वर्षांचा करार. मावशी त्याला पोचवून गाडी एकट्याच परत नेणार होत्या. "माझी औषधं फ्रीजमध्ये असतात," त्या म्हणाल्या. "वाटेत लाइट गेली तर मी काय करू? फॉल्ट निघाल्याशिवाय मी इथून हलायची नाही!"

"सगळं ठीक आहे आता," मी म्हणाले आणि परतले. चहा टाकते न टाकते तोच तो दारात हजर.

"परत गेली."

त्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशी दोनदा गेली. मी सॉकेट बदललं, खांब बदलला. प्रत्येक वेळी मी असेपर्यंत गाडी गुणी बाळासारखी वागायची आणि माझी पाठ वळली की लाइट जायची. मधल्या वेळात त्याने माझ्या वर्कशॉपचं फुगलेलं दार रंधा मारून सरळ केलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. दादाने ते दार दोनतीनदा उघडून-मिटून पाहिलं आणि त्याला विचारलं, "आमच्या खोल्यांची सगळीच दारं-खिडक्या करायच्या आहेत. वर्षभराचं काम आहे. थांबता का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पक्कड शोधायला लागले. ती माझ्या हातातच होती.

"बघू," तो म्हणाला. "फॉल्ट काय म्हणतोय त्यावर आहे."

"आणि बोट?"

"सुटली तर सुटली. फॉल्टपुढे कुणाचं काय चालतं?"

हेच मला खटकलं. तो राहावा असं मला वाटत होतं—किती वाटत होतं म्हणून सांगू! सकाळी त्याची पावलं वाजली की माझ्या हातातलं काम चुकायचं. पण नाइलाजाने अडकलेला माणूस मला नको होता. गाडी धडधाकट असावी, रस्ता मोकळा असावा आणि तरीही त्याने म्हणावं, "मी थांबतो." म्हणून मी चंग बांधला, की बोट सुटायच्या आत फॉल्ट शोधायचाच.

बोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती. मावशी बाहेर कपडे वाळत घालत होत्या, तो पायरी घासत बसला होता. मावशींच्या बिछान्यामागचं सॉकेट उघडायला मी गुडघ्यावर बसले आणि हाताला गार लागलं. उशी ओली! उशीखाली हात घातला, तर इलेक्ट्रिकची किटली. बुडाला पाणी निथळत होतं. किटली काठोकाठ भरायची, बूड भिजवायचं, सॉकेटला लावायची. बटण पडलं की उशीखाली! मला हसू आवरेना. मी किटली उंच धरून बाहेर धावले.

"सापडला! तुझ्या मावशीचाच फॉल्ट आहे!"

मावशींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही चोरी केली होती. तो हसला, पण जरा उशिराने हसला. मग उठला. हातावरचा भुसा झटकत राहिला.

"म्हणजे... झालं?"

"झालं. बूड कोरडं ठेवा, जन्मात लाइट जायची नाही."

"मग आता... निघायला काही हरकत नाही?"

आता म्हणेल, मला वाटलं. आत्ता म्हणेल.

"छे! हरकत कसली?" मी म्हणाले. "आज निघालात तर बोटही मिळेल."

"बरं," तो म्हणाला, आणि खांबाकडे जाऊन त्याने केबल काढली. नीट, सावकाश वेटोळं केलं. जाताना म्हणाला, "दार पावसात पुन्हा फुगलं तर... कुणाला तरी रंधा मारायला सांग." मी मान हलवली.

नंतर दारावर टकटक झाली की मी धावायचे. दार कसं अलगद उघडायचं. तो नसायचा.

काही दिवसांनी पिवळी गाडी परत आली. मावशी एकट्या होत्या. कुणी न सांगताच मी केबल खांबाला जोडली आणि आत जाऊन बसले.

"गेला?"

"गेला."

"मावशी, तुम्ही त्याला अडवायला एवढा खटाटोप केलात. मला एका शब्दाने सांगायचं तरी!"

"मी सांगणारच होते. तोच म्हणाला, नको."

"तो... म्हणाला?"

"अगं, त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तर किटली तोच भरून देत होता. वर म्हणायचा, मावशी, थोडं सांडू दे खाली."

मला पुढचं ऐकवेना, आणि ऐकल्याशिवाय राहवेना. "मग बोलला का नाही माझ्याशी?"

"बोट सुटली की बोलणार होता. आधी बोललो तर नोकरी सोडल्याचं ओझं तिच्या डोक्यावर बसेल, म्हणाला. आणि तू आलीस किटली नाचवत. तरी त्याने विचारलं तुला, निघू का म्हणून. तू म्हणालीस, हरकत कसली!" मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला. "बंदरापर्यंत एक शब्द बोलला नाही. बोटीवर चढताना एवढंच म्हणाला, मावशी, मी जावं असंच तिला वाटत होतं. अगं... एवढी हुशार कशाला झालीस?"

मी उठले. कट्ट्यावरची किटली नळाखाली धरली, भरली, काठावरून वाहू दिली. बूड पुसलं नाही. मावशी बघत होत्या. किटली सॉकेटला लावली आणि खटका दाबला.

बाहेर खांबात खट्‌कन आवाज झाला. फ्रीजची घरघर थांबली.

"परत गेली," मी म्हणाले.

"जाऊ दे. बस थोडा वेळ."

बटण वर करायला कुणीच उठलं नाही. आम्ही दोघी उघड्या दाराकडे बघत बसून राहिलो.