उंबऱ्यापर्यंत

दुपारी साडेतीनला यंत्रवाला त्या घरी गेला. काम साधंच. पोरगं जाऊन तीन आठवडे झालेले, खोलीतली सरकारी पेटी तेवढी काढून आणायची.

पोराची हकीकत एवढीशी. दहशतवाद्यांत ऊठबस असल्याचा संशय, पण कोर्टात उभं करायला पुरावा नाही. खटला नाही, म्हणून सुटकाही नाही. घोट्याला पट्टा, घरात पेटी. पेटीचा दिवा हिरवा, म्हणजे पोरगं आत. उंबरा ओलांडला की तुरुंग. रोज चारला फोन यायचा, त्यानं "आहे" म्हणायचं. चार वर्षं म्हणाला. मग एका सकाळी झोपेतच गेला.

पट्टा कापला तो यंत्रवाल्यानंच. सरकारी वस्तू प्रेताबरोबर जायला नको, म्हणून उचलायच्या आधीच, खोलीत.

पोराच्या आईनं पाणी दिलं. खोलीत औषधाचा आणि न धुतलेल्या उशीचा वास होता. पेटीचा दिवा हिरवा.

"बिघडलीय, मावशी." त्यानं वायर उपटली. दिवा हिरवाच राहिला.

"बिघडायला काय झालंय? तो बाहेर पडल्याची नोंद आहे का तुमच्याकडे? पट्टा तुम्ही आतच कापलात." ती पदरानं पेटीवरची धूळ पुसत होती. "गरीब गाय आहे हो. परवानगीशिवाय जायचा नाही. मी सांगून थकले. तुम्ही सरकारी माणूस, तुम्ही म्हणा त्याला... जा म्हणून."

"मला अधिकार नाही. हुकूम वरून यावा लागतो."

"वरून तर कधीच आला की," ती म्हणाली.

चारला फोन वाजला. तिनं रिसीव्हर उचलला आणि रिकाम्या खुर्चीसमोर धरला. खोलीत कुणी काही बोललं नाही. पलीकडून मात्र एक बाई कंटाळल्या आवाजात म्हणाली, "घसा बसलाय का रे आज?... बरं, केली नोंद."

यंत्रवाल्यानं वायर परत जोडली. कागदावर लिहिलं, 'चालू स्थितीत'. सही केली, चपला पायात सरकवल्या. जा म्हणायला काही पैसे पडत नव्हते, पण तो म्हणाला नाही.

त्यानं उंबरा ओलांडला तशी मागून अनवाणी पावलं आली, पाहुण्याला पोचवायला यावीत तशी. उंबऱ्याशी येऊन थांबली.

"तिथवरच हं, बाळा," आतून आई म्हणाली.