दिवसा झोपणारा अवकाशयात्री

"हा माझा अवकाशयात्री नाही. माझा कोणीतरी पळवलाय!"

दहा वर्षांच्या त्या मुलीने अंड्याएवढे, पडद्यावरचा जीव वाढवायचे जपानी खेळणे टेबलावर ठेवले. शस्त्रक्रिया होऊन वीस दिवसांनी ती आज सकाळीच घरी आली होती, आणि लगेच आत्याला ओढत शोधक बाईंच्या कचेरीत.

बाईंचे सहायक, एक निवृत्त टंकलेखक, चष्मा सावरून वाकले. इवल्या पडद्यावर शिरस्त्राण घातलेला ठिपक्यांचा जीव डोळे मिटून पडला होता.

"दिसतो तर अवकाशयात्रीच!"

"वय बघा ना, आजोबा! दिवसाला एक वर्ष. मी गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आता बत्तीसचा हवा. हा अठराचाच आहे."

"म्हणजे जुना गेला आणि दोन दिवसांनी नवा जन्मला," बाई म्हणाल्या. "यात्री सगळ्यांनाच मिळतो?"

"छे! पिल्लू जागं असताना सारखं हाका मारतं. एक जरी हाक चुकली की त्याचा यात्री न होता साधं मांजर होतं."

भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते. खेळण्यात रात्रीचे अकरा.

"दिवसरात्रीची गफलत झालीय कुणाची तरी," सहायक म्हणाले.

आत्या ओशाळली. "सांभाळायला मीच घेतलं होतं हो. पण पहिले दोन दिवस हिच्या काळजीनं माझंच भान हरपलेलं, त्याच्या हाका कोण ऐकणार? तिसऱ्या दिवशी ते गायब, आज सकाळी परत जागेवर! मी नऊला गोळी घेऊन झोपते. कानाशी ढोल वाजला तरी जाग नाही."

घरी थोरला भाऊ पुस्तकात डोके खुपसून बसला होता. "परीक्षा आहे माझी. बाराला आडवा होतो. ते टुकटुक ऐकू आलं असतं, तर खिडकीबाहेर भिरकावलं असतं!"

"दादा!"

वडील पाव भाजण्याच्या कारखान्यात रात्रपाळीला असत. "बाबा दवाखान्यात दोनदाच आला," मुलगी बाईंच्या कानात कुजबुजली. "दोन्हीदा खुर्चीत घोरत बसला. माझ्यासाठी वेळच नसतो त्याला."

वडील झोपेतून उठून सुजल्या डोळ्यांनी बाहेर आले. बाईंनी खेळणे पालथे करून मेजावर जरा आपटलेच. वडिलांनी ते चटकन उचलले, घडी घातलेल्या रुमालावर हलकेच ठेवले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मला खेळण्यातलं काय कळतं?"

"बरंच कळतं," बाई म्हणाल्या. "घड्याळाची चूक असती, तर हा रात्रभर हाका मारत राहिला असता, झोपेत त्या चुकल्या असत्या आणि मांजर झालं असतं. यात्री आला, म्हणजे कोणीतरी रोज रात्र जागवली. घरात तुम्ही तिघंच होतात; आत्या नऊला झोपतात, दादा बाराला. राहिलात तुम्ही. आपण झोपू तेव्हा यानेही झोपावं, म्हणून घड्याळ तुम्ही फिरवलंत. आणि पडदा न बघताच आवाज खाली आणलात. तो झोपलाय, हे तुम्हाला ठाऊक होतं."

वडिलांची मान खाली गेली.

"तो गेल्याचं कळलं असतं, तर तू दवाखान्यात हाय खाल्ली असतीस, पोरी. भट्टीशेजारी डब्यावर ठेवायचो त्याला. हातातलं पीठ झटकायचो नि धावायचो. आज सकाळी घड्याळ मूळ वेळेवर आणायला गेलो, पण तसंच ठेवलं. पुन्हा गेला असता तर?"

मुलीने रुमालावरून खेळणे उचलले.

"म्हणून खुर्चीत घोरत होतास?"

तिने खेळणे अलगद वडिलांच्या खिशात सरकवले. "घड्याळ राहू दे. उठल्यावर भट्टी दिसली नाही तर रडेल तो. पण सकाळी आलास की आधी मला उठव. दोघं मिळून त्याला झोपवू."

जिना उतरताना टंकलेखकांच्या ध्यानात आले, की आपण मघापासून चवड्यांवर चालत आहोत.